डोक्यातला करंट

फळ्यावर त्रिकोण काढून मी वर्गाकडे वळले आणि डोक्यात झर्रकन करंट गेला. डाव्या कानाच्या वरून निघाला, कपाळाच्या आतून गेला आणि उजव्या डोळ्यामागे कुठेतरी विझला. दुखलं काहीच नाही, पण आपण कुठे उभे आहोत हेच क्षणभर कळेना. खडू हातातून सुटला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं तो उचलून दिला.

"बाई, चक्कर आली का?"

"नाही. तू कोनांची बेरीज सांग."

तिनं सांगायच्या आत दुसरा बसला. मग लक्षात आलं, की डोळे फळ्यावरून खिडकीकडे नेले की बसतो आणि खिडकीकडून फळ्याकडे आणले की पुन्हा बसतो. आता शिकवायचं काम म्हणजे इकडून तिकडे बघण्याचंच काम. उरलेला तास मी मान ताठ आणि डोळे समोरच्या भिंतीवर रोखून काढला. मागच्या बाकांवर त्या दिवशी काय काय चाललं होतं देव जाणे.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी विट्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. त्या आठवड्यात भेटेल त्याला मी एकच गोष्ट समजावून सांगितली आणि एकालाही ती समजली नाही.

"डोकं दुखतंय म्हणा की," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"दुखत नाही. करंट बसतो."

"म्हणजे ठणकतं."

"ठणकत नाही हो बाई. ओल्या हातानं बटण दाबल्यावर हाताला बसतो ना, तसा डोक्याच्या आत बसतो."

"मग ॲसिडिटी असेल," त्या म्हणाल्या आणि हजेरीपटात तोंड घातलं.

विज्ञानाच्या मुजावर सरांनी मात्र मनापासून ऐकून घेतलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "तुम्ही रबरी चपला वापरता. शरीरात चार्ज साठत राहतो, त्याला जायला वाट मिळत नाही. तुमचं अर्थिंग गेलंय, दुसरं काही नाही. दहा मिनिटं मातीत अनवाणी उभ्या राहा."

माणूस घाबरला की काहीही करतो. मधल्या सुट्टीत मी ध्वजस्तंभाशेजारी चपला काढून उभी राहिले. सगळी शाळा डबे खाता खाता माझ्याकडे बघत होती. सहाव्या मिनिटाला एका मुलीनं हाक मारली, मी वळले आणि झर्र. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "माती कोरडी असेल."

मी घाबरले होते, कारण माझे थोरले मामा मेंदूतल्या गाठीनं गेले होते आणि त्यांचंही सुरुवातीला 'डोक्यात काहीतरी होतंय' इतकंच होतं. माझा मुलगा तेव्हा बारावीला, पुण्यात होस्टेलला. मला मरायला अजिबात सवड नव्हती.

घरी हे होते आणि आत्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. यांचं, म्हणजे उत्तमरावांचं, बाजारपेठेत बी-बियाणांचं दुकान. गिऱ्हाईकाला कुठल्या रानात कुठलं वाण लावायचं हे सांगायची इतकी सवय झालेली, की घरातही यांना प्रत्येक गोष्टीवर उपाय ठाऊक असायचा.

"मोबाईल उशाशी घेऊन झोपू नकोस," हे म्हणाले.

"मोबाईल तुमच्या उशाशी असतो."

"तेच ते. लहरी काय मधे भिंत बघतात का?"

आत्या भाकरी थापत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डोस्क्याला तेल म्हणून लावायचं न्हाई. वाळून खडखडीत झालंय आतलं. मग करंट न्हाई तर काय गुलाबपाणी फिरंल?"

आत्यांचा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत होता. माझ्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. त्या अठरा वर्षांत त्यांनी मला शिवी दिली नाही, की उपाशी ठेवलं नाही. पण आनंदानं कधी एक शब्दही बोलल्या नाहीत. सकाळी उठायच्या त्या कपाळाला आठी घालूनच. सणाच्या दिवशी ती आठी आणखी खोल व्हायची. पाहुणे यायचे ते बाहेरच्या खोलीत चहा घेऊन स्वयंपाकघराकडे न फिरकता जायचे.

त्यातल्या त्यात मधे एखादा महिना बरा गेला होता, हेही सांगायला हवं. श्रावण सरता सरता आत्या जरा निवळल्या होत्या. एकदा मी शाळेतून आले तर म्हणाल्या, "च्या टाकू का तुला?" मी मागे वळून बघितलं, की कुणाला विचारताहेत. नंतर त्या शेजारच्या बायकांबरोबर भजनाला जायला लागल्या. एक दिवस वाटाणे सोलताना चक्क गुणगुणत होत्या. हे म्हणाले, मी तिला नवीन टीव्ही घेऊन दिला ना, त्याचा परिणाम. मी म्हटलं, असेल; वय झालं की माणूस निवळतं. पण त्या आठवड्यात आत्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या होत्या, किंबहुना वरताण. मला करंट बसत असताना मला ते फारसं नवल वाटलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या आठवड्यात मी कुणालाच सांगितली नाही. दीड वर्षापासून मी सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जात होते. मनाच्या डॉक्टर. झालं काहीच नव्हतं, वैताग तोच होता. घर ठीक, नोकरी ठीक, आणि मी मात्र संडासात नळ सोडून रडत बसायची. बाईंनी गोळी सुरू केली. दोन महिन्यांत मी माणसात आले. फक्त यांना माहीत होतं. घरात उघड ठेवायच्या नाहीत, असं यांनीच ठरवलं.

"आईला कळलं की विसापूरच्या मावशीला कळणार," हे म्हणाले होते. "आणि मावशीला कळलं की तालुक्यात दवंडी पिटायची गरज नाही. सून येडी झाली म्हणतील. त्यापेक्षा कॅल्शियमच्या डबीत ठेव."

मला राग आला होता, पण मी ऐकलं, कारण लाज मलाही वाटत होती. दर तीन महिन्यांनी मी सांगलीहून नव्वद गोळ्या आणायची, पाकिटातून सोडवून कॅल्शियमच्या पांढऱ्या डबीत भरायची आणि डबी फडताळात चहापत्तीशेजारी उभी. सकाळी सगळ्यांच्या देखत घ्यायची. आत्यांनी एकदा विचारलं होतं, "हे काय रोज?" मी म्हटलं होतं, "कॅल्शियम. हाडांना."

त्या वेळी डबी लवकर रिकामी झाली. इतकी लवकर, की मला वाटलं शाळेच्या गडबडीत मीच कधी कधी दोनदा घेतल्या. मी सांगलीला जायचं म्हटलं तर हे म्हणाले, "संपल्या तर संपल्या. आता बरी आहेस ना? अशा गोळ्यांची सवय लागते म्हणतात. सोडून बघ." आणि मी सोडल्या. रविवारी सकाळी शेवटची घेतली, गुरुवारी करंट सुरू झाला. गणिताची मास्तरीण असून मी या दोन गोष्टींची बेरीज केली नाही. गोळी मनासाठी होती. मनात करंट कसा असेल?

शनिवारी हे मला इथल्याच एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "दुसरी कुठली औषधं चालू आहेत?" त्यांची बायको आमच्याच शाळेत मराठी शिकवायची. मी म्हटलं, "नाही." त्यांनी माझी मान इकडेतिकडे वळवली. दर वळणाला मला करंट बसत होता आणि दर वेळी ते म्हणत होते, "हां, बघा, मणक्यातच आहे." त्यांनी मानेला पट्टा दिला. तो घालून मान वळेना, पण डोळे वळायचेच. शिवाय जेवताना ताट दिसायचं बंद झालं.

"पट्टा छान बसलाय," हे म्हणाले.

"मी आमटीत बोटं घालतेय, दिसतंय का तुम्हाला?"

"एक-दोन दिवसांत सवय होईल."

सोमवारी शाळेत मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. पट्टा घालून मी मुलींकडे पाठ करून तास घेते, अशी तक्रार होती. बरं वाटेपर्यंत रजा टाका म्हणाल्या. मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिले आणि मला खरोखरच रडू फुटलं. रडताना डोळे मिटले तरी आत करंट चालूच. तेव्हा मी मानेचा पट्टा काढून पर्समध्ये कोंबला आणि सांगलीला फोन लावला. निदान गाठ आहे की नाही ते तरी कळू दे.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"संपल्या."

"कधी?"

"आठ दिवस झाले."

"आणि हे कधी सुरू झालं?"

"गुरुवारी."

बाई हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. "शैलाताई, गाठबीठ काही नाही. ही गोळी एकदम तोडली की काही जणांना असे झटके जाणवतात. म्हणून तर म्हटलं होतं, मनानं बंद करू नका. आजच पुन्हा सुरू करा. उद्या येऊन भेटा." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तुमच्याकडे तर दिवाळीपर्यंतच्या होत्या."

मला एकदम हलकं वाटलं आणि पाठोपाठ इतका संताप आला, की मी थेट दुकानावर गेले. तिथे दोन गिऱ्हाइकं ज्वारीचं बियाणं बघत होती. त्यांच्यासमोरच यांना सांगितलं, "तुमच्या एका 'सोडून बघ'नं मी आठवडाभर मरणाच्या तयारीत आहे." गिऱ्हाइकं बियाणं तिथंच ठेवून निघून गेली. हे दुकानाबाहेर आले, औषधाच्या दुकानात स्वतः गेले, दुकानदाराला बाईंशी फोन जोडून दिला आणि दोन पाकिटं घेऊन माझ्यामागोमाग घरी आले. 

घरी आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गवार निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आज शाळा सुटली व्हय लवकर? का हाकलून दिलं?"

"रजा घेतली. द्या ती गवार, मी करते."

"मला काय हात न्हाईत?" त्या परात उचलून तरातरा उठल्या, ओट्याकडे वळल्या आणि एकदम डोळे मिटून ओटा धरला. परात खाली गेली. गवार सगळीकडे.

"आत्या! काय झालं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई कसं? चक्कर आली?"

"चक्कर न्हाई." त्यांनी डोळे उघडले, पण बुबुळं हलवली नाहीत. माझ्याकडे बघायला सगळं अंग वळवलं. मी पाच दिवस तशीच वळत होते. "तुला हुतंय त्येच. डोळं फिरवलं की डोस्क्यात करंट जातोय."

"कधीपासून?"

"बेस्तरवारपासनं."

गुरुवार. हे दारात उभे होते. म्हणाले, "दोघींना एकाच दिवशी? घराची वायरिंग बघायला पाहिजे."

मी यांच्याकडे बघितलं. मग फडताळातल्या डबीकडे. नव्वद गोळ्या पंचेचाळीस दिवसांत संपल्या होत्या. एवढा भागाकार चौथीतल्या मुलीलाही जमला असता.

"आत्या," मी म्हटलं, "माझ्या डबीतल्या गोळ्या तुम्ही घेत होता?"

आत्या खाली बसून गवार वेचायला लागल्या. मान वर केली नाही. वेचता वेचता म्हणाल्या, "रोज एकच घेतली. दुपारची. तू शाळंला गेलीस की."

"अहो पण का?"

"गुडघ्यासाठी. हाडाला चांगल्या म्हणालीस न्हवं? आता सुनंपुढं हात पसरून गोळी मागू का? जन्मात दवाखाना बघितला न्हाई मी. कॅल्शम म्हंजे काय सोनं हाय का, यवडं तोंड करतीस!"

"ते कॅल्शियम नव्हतं!"

माझा आवाज चढला तो चढलाच. हे मागून "शैला, शैला" करत होते, ते मी ऐकलं नाही. सगळं सांगून टाकलं. सांगली, बाई, संडासातला नळ, डबी कुणी सुचवली ते, सगळं. सांगता सांगता वाटत होतं, आता हे गल्लीत जाणार, विसापूरला जाणार, शाळेत जाणार, आणि जाऊ दे, चुलीत जाऊ दे सगळं.

 आत्या ओरडल्या, "मला येड्याच्या गोळ्या चारल्या तुम्ही?"

"आम्ही चारल्या? तुम्ही चोरून खाल्ल्या!"

"आई, ऐक," हे मधे पडले. "मनाचे खेळ असतात हे. तुला काहीसुद्धा झालेलं नाही. हिनं आठ-दहा दिवस कळ काढली, तशी तूही काढ. होईल बरं."

आत्यांनी यांना उत्तर दिलं नाही. हातातली गवार परातीत टाकली, पदरानं हात पुसले आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "मग त्या परत कुठं मिळत्यात?"

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"त्या गोळ्या. गुडघ्याला न्हाई काय फरक पडला. पर..." त्या थांबल्या. हे ऐकताहेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "मला तुझ्या बाईकडं घिऊन चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांगलीला गेलो. आत्या नेसण्यातली चांगली साडी नेसल्या होत्या. दवाखान्यात हे आत यायला निघाले, तर आत्या दारातच म्हणाल्या, "उत्तमा, तू भाईर बस. शैलाला यिऊ दे."

"अगं पण मी..."

"भाईर बस म्हटलं न्हवं?"

बाईंनी आधी माझी चौकशी केली, मग आत्यांना रागवायचं तेवढं रागावून घेतलं, कुणाचंही औषध असं घेऊ नये म्हणून. आत्यांनी शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग बाईंनी विचारलं, "मधे त्या गोळ्या घेत होता, तेव्हा कसं वाटत होतं?"



"कसं सांगू? सकाळी डोळं उघडलं की मी आधी सांज कवा हुतीया याचीच वाट बघती. रोज. सांज झाली की मग जरा बरं वाटतंय, की बाबा, एक दिवस गेला. ते मधी वाट बघायचं ऱ्हायलंच. दिस कवा गेला कळायचंच न्हाई."

"आणि हे वाट बघणं कधीपासूनचं?"

आत्यांनी दाराकडे बघितलं. डोळे नाही फिरवले, सगळं अंग वळवून बघितलं. दार लावलेलं होतं.

"उत्तम झाला तवापासनं," त्या म्हणाल्या. "बाळातपणात कायतरी बसलं मनावर ते उठलंच न्हाई. पोराला दूध पाजायचे आन् रडायचे. सासू म्हणायची, हिला पोरगं झाल्यालं बघवत न्हाई. मालक म्हणायचे, स्वभावच खाष्ट हाय हिचा. मग मलाबी वाटाय लागलं, की आसंल. आपला स्वभावच वंगाळ हाय. दुसरं कोण काय सांगणार?"

मी खाली बघत बसले. अठरा वर्षं मी तेच म्हणत होते. माहेरी, शाळेत, यांच्याजवळ, सगळीकडे. माझ्यासाठी मी सांगलीची वाट धरली होती आणि त्यांच्यासाठी मला 'स्वभाव' हा एक शब्द पुरला होता. मला माझीच लाज वाटली.

"त्याला न्हाई सांगायचं बरं का," आत्या बाईंना म्हणाल्या आणि मग माझ्याकडे बोट केलं. "तूबी. त्याला वाटंल, त्याच्यापायी झालं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

बाईंना त्यांच्याशी एकटीशी बोलायचं होतं, म्हणून मी बाहेर आले. पॅसेजमध्ये हे येरझाऱ्या घालत होते. सकाळपासून दुकान बंद होतं.

"झालं?"

"नाही."

पाच मिनिटांनी पुन्हा, "अजून नाही झालं? एका गोळीची तर चौकशी."



दहा मिनिटांनी यांनी घड्याळ बघितलं आणि दाराकडे गेले. "मीच विचारतो. उगाच नाही नाही ते खोदत बसतात हे डॉक्टर. आईचा स्वभाव मला माहीत नाही का?"

हा शब्द यांनी त्या क्षणी उच्चारायला नको होता. आठ दिवसांचा वैताग माझ्या तोंडातून एकदम बाहेर पडला.

"स्वभाव नाहीये तो! चव्वेचाळीस वर्षांचं साचलंय, तुमच्या घड्याळाप्रमाणे कसं उरकेल? बसा गप्प!"

बोलून गेले आणि जीभ चावली. यांना त्याच श्रावणात चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. आत्यांनी स्वतःच्या हातानं पुरण घातलं होतं यांच्यासाठी, त्या बऱ्या दिवसांत.

हे बाकावर बसले.  अगदी हळू आवाजात विचारलं, "किती वर्षं म्हणालीस?"

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. तेच उत्तर झालं.

हे उठले. दाराशी जाऊन चपला काढल्या, शर्ट नीट केला आणि दार न वाजवताच आत गेले. आतून आत्यांचा खणखणीत आवाज आला, "तुला भाईर बस म्हटलं हुतं न्हवं रं?"

पण हे काही बाहेर आले नाहीत.